बार्बाडोसचा दोऱ्याएवढा साप आणि आपल्या मोरीतला वाळा

मागच्या वर्षी जुलैत, धो धो पाऊस चालू असताना, सकाळी सकाळी आईने मोरीतून अशी काही हाक मारली की शेजारच्या काकूपण पदर खोचत धावत आल्या. बघतो तर जाळीजवळ एक काळपट चकचकीत दोरा वळवळतोय. आई मिठाचा डबा घेऊन तयार, काकूंचं म्हणणं हे नागाचं पिल्लू, आणि आमच्या आजीने खुर्चीवर पाय वर घेऊन जाहीर केलं की "कानात जातं ते, कान झाका". मी आपला अंघोळीचा मग आडवा धरला, वर्तमानपत्राच्या कागदाने त्याला आत ढकललं आणि ओटीवर आणून बसलो. वाळा होता, गांडुळासारखा दिसणारा बिनविषारी बारका साप. कोकणात, घाटावर, पुण्या-मुंबईत, सगळीकडे पावसाळ्यात निघतो, लोक गांडूळ समजून झाडूने ढकलतात नाहीतर नागाचं पिल्लू समजून मारतात, मधलं काही नाही.

आणि योगायोग बघा, त्याच आठवड्यात मावसभावाने फॅमिली ग्रुपवर एक फोटो टाकला होता. नाण्यावर वेटोळं घालून बसलेला साप, आणि खाली "जगातला सर्वात लहान साप २० वर्षांनी सापडला!!" नाणं म्हणजे आपल्या पाचच्या नाण्याच्या आसपासचं, आणि त्याच्यावर अख्खा साप, वर थोडी जागा शिल्लक. ग्रुपवर लगेच "हा तर आमच्या कुंडीत असतो" छाप मेसेज सुरू झाले. आता गंमत अशी की हे म्हणणं चूक आहे, पण इतकं चूक आहे की त्यातूनच सगळी गोष्ट नीट समजते. म्हणून म्हटलं जरा सविस्तर लिहावं.

तर फोटोतला साप बार्बाडोसचा. बार्बाडोस कुठे हे क्रिकेटवाल्यांना सांगायला नको, २९ जून २०२४ ला ब्रिजटाउनच्या केन्सिंग्टन ओव्हलवर आपण टी-ट्वेंटी वर्ल्ड कप जिंकला आणि रोहितने पिचवर बसून तिथली माती चिमटीने तोंडात टाकली, तेच बेट. कॅरिबियन बेटांची जी माळ आहे तिच्यापासून जरा बाजूला, पूर्वेला, अटलांटिकमध्ये एकटंच पडलेलं. क्षेत्रफळ साधारण ४३० चौरस किलोमीटर, म्हणजे मुंबई महापालिकेची हद्द जेवढी आहे जवळपास तेवढंच. या एवढ्याशा बेटाच्या मातीत हा साप राहतो आणि जगात दुसरीकडे कुठेही राहत नाही.

नाव बार्बाडोस थ्रेडस्नेक. थ्रेड म्हणजे दोरा, आपण दोरासाप म्हणू. शास्त्रीय नाव टेट्राकीलोस्टोमा कार्ली, म्हणायला जीभ वळत नाही, ग्रीकमधून आलंय, अर्थ साधारण "चार ओठांचं तोंड". कार्ली हे मात्र बाईचं नाव आहे. अमेरिकेतले सरपटणाऱ्या प्राण्यांचे अभ्यासक ब्लेअर हेजेस यांनी २००८ मध्ये हा साप जगाला ओळख करून दिला आणि नाव ठेवलं बायकोचं, कार्ला हॅस, त्यापण याच क्षेत्रातल्या आणि त्या मोहिमेत सोबत होत्या. बायकोला दागिना द्यायच्या ऐवजी साप दिला, तोही दहा सेंटिमीटरचा, प्रत्येकाची आवड.

दहा सेंटिमीटर म्हणजे किती? मोजलेला मोठ्यात मोठा १०४ मिलिमीटर. तुमच्या हाताचं मधलं बोट असतं त्याच्यापेक्षा थोडासाच जास्त. जाडी शिजलेल्या नूडलएवढी, आणि वजन अर्ध्या ग्रॅमच्या आसपास, म्हणजे मुठीतला एक शेंगदाणा. हे पिल्लू नाही हां, हा पूर्ण वाढलेला, वयात आलेला साप.

आता इथे प्रश्न येतो की लहान आहे तर आहे, त्यात एवढं काय? जगात कोणीतरी सगळ्यात लहान असणारच ना. बरोबर, पण मजा "किती लहान" यात नाहीये, "याच्याहून लहान का नाही" यात आहे.

हे असं बघा. अजगरीण डझनावारी अंडी घालते. त्यातून निघालेलं पिल्लू आईच्या मानाने अगदीच किरकोळ असतं. मोठ्या जातीच्या सापांमध्ये नवजात पिल्लाची लांबी आईच्या एक दशांशाच्या घरात असते. चालून जातं, कारण अजगराचं पिल्लू जन्मतःच उंदराचं पिल्लू, पाल, बेडूक असं काहीतरी गिळू शकतं. आता दोरासापाकडे या. आई दहा सेंटिमीटर. समजा तिने पण दहा अंडी घातली, तर पिल्लू होईल एखाद्या केसाच्या तुकड्याएवढं. ते खाणार काय? हे साप जगतात मुंग्यांच्या आणि वाळवीच्या अळ्या-अंड्यांवर. आणि अळीचा आकार काही सापाच्या सोयीने कमी होत नाही, ती आहे तेवढीच राहते. पिल्लाचं तोंड अळीपेक्षा छोटं झालं की खेळ खलास, जन्माला आल्याबरोबर उपाशी.

म्हणून दोरासापाची मादी एकच अंडं घालते. एकच. तेसुद्धा तिच्या अंगाच्या बारीक नळीतून बाहेर पडायचं म्हणून लांबुळकं. आणि त्यातून पिल्लू निघतं ते आईच्या निम्म्या लांबीचं. म्हणजे पाच सेंटिमीटरचं बाळ, दहा सेंटिमीटरची आई. माणसात विचार करून बघा, पाच फुटी बाईला अडीच फुटाचं बाळ. ती जर दोन अंडी घालायला गेली तर तेवढ्याच जागेत दोन पिल्लं मावायला हवीत, दोघंही निम्म्या आकाराची होतील, आणि दोघांनाही जगात गिळण्याजोगं काही मिळणार नाही. एकाच्या खाली अंडी जाऊ शकत नाहीत, अर्धं अंडं असा प्रकार निसर्गात नाही. तर हेजेस यांचं म्हणणं हे की साप या प्राण्याची लहान होण्याची जी हद्द आहे ती साधारण इथेच कुठेतरी आहे. त्यांनी तो शोधनिबंध लिहिला त्याचा सूरच असा होता की ही सापांची खालची मर्यादा. त्याच पेपरमध्ये शेजारच्या सेंट लुशिया बेटावरचा एक दुसरा दोरासापही होता, तोही जवळपास एवढाच बारका, पण प्रसिद्धी सगळी याला मिळाली. नाण्यावरच्या फोटोचा महिमा.

मला स्वतःला हा एका अंड्याचा हिशोब त्या नाण्याच्या फोटोपेक्षा जास्त आवडतो. फोटो बघून "अय्या कित्ती छोटा" होतं, हिशोब बघितल्यावर कळतं की बिचारा किती काठावर उभा आहे.

बेटांवरच असे विक्षिप्त आकार का सापडतात हेपण थोडं सांगतो. बार्बाडोस हे बेट मुख्य खंडाला कधी जोडलेलंच नव्हतं. समुद्राच्या तळाचा गाळ वर उचलला गेला, त्याच्यावर पोवळ्यांचं खडक चढलं, आणि ते सगळं हळूहळू पाण्याबाहेर आलं. आजही बेटाच्या साधारण ८५ टक्के भागावर पोवळ्यांचा चुनखडक आहे. म्हणजे तिथे जो कोणी प्राणी आहे तो पोहत, उडत, किंवा वादळात उन्मळून वाहत आलेल्या झाडाच्या मुळांत अडकून आलेला आहे. आपल्या सापाचे पूर्वज असेच कुठल्यातरी ओंडक्यातल्या वाळवीसोबत फुकटात प्रवास करून आले असणार. आता अशा बेटावर सगळेच येऊन पोचत नाहीत. मुख्य भूमीवर जी कामं दहा प्रकारचे किडे, गोमा, कोळी करत असतात त्यातले पाच आलेलेच नसतात. कामं पडून असतात, आणि मग जो आलाय तो ती उचलतो. बारीक व्हायला तिथे वाव मिळतो कारण तुमच्या जागेवर आधीच कोणी बसलेलं नसतं. याच हेजेस यांच्या नावावर क्युबातला एक इवलासा बेडूक आणि डॉमिनिकन रिपब्लिकमधली एक नखाएवढी पाल पण आहे, दोन्ही आपापल्या गटात लहानात लहान गणली गेलेली. या माणसाला भिंगच घेऊन जन्माला घातलंय बहुतेक.

बरं, हा साप आंधळा का? तर पूर्ण आंधळा नाहीये. डोळे आहेत, पण खवल्याखाली दबलेले, बाहेरून दोन काळे ठिपके दिसतात, उजेड आणि अंधार एवढं कळतं. जमिनीखाली काढायचंय आयुष्य, तिथे बघायचं काय? उलट उघडा डोळा म्हणजे माती जाणार, चोळायला हात नाहीत. त्यामुळे वर खवल्याची काच बसवलेली बरी. अंगावरचे खवलेही चोहीकडून सारखे, गुळगुळीत. आपला नाग किंवा धामण उलटी करून बघितली (करू नका) तर पोटाला रुंद आडव्या पट्ट्या असतात, सरपटायला. या आंधळ्या सापांना तसं काही नाही, पोट आणि पाठ एकसारखी, कारण बिळात माती सगळीकडूनच घासते.

खाण्याची पद्धत तर इतकी भारी आहे की मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा दोनदा वाचलं. साधारण साप कसे खातात, भक्ष्य तोंडात धरायचं आणि जबड्याची एक बाजू मग दुसरी बाजू असं पुढे सरकवत सावकाश गिळायचं, अर्धा तास लागला तरी चालतो. पण मुंग्यांच्या घरात घुसून त्यांची पोरं खायची असतील तर अर्धा तास कोण देणार? मुंग्या फाडून खातील. मग या दोरासापांच्या कुळाने वेगळंच काढलंय. यांना दात फक्त खालच्या जबड्याला. आणि तो खालचा जबडा दोन झडपांसारखा आत-बाहेर आत-बाहेर फिरतो, सेकंदाला तीन-तीन वेळा, दातांनी अळ्या आत ओढत जातो, अंगणात पालापाचोळा खराट्याने आत ओढावा तसं. टेक्सासमधला याच कुळातला एक साप घेऊन व्हिडिओ काढून हे १९९९ मध्ये दाखवून दिलं गेलं, त्याआधी कोणाला माहीत नव्हतं की असा कुठला साप खातो.

आता माझ्या मगमधला वाळा. त्याचं बरोब्बर उलटं. त्याला दात फक्त वरच्या जबड्याला, आणि तो वरचा जबडा आत ओढतो. दिसायला दोघे जुळे भाऊ, आणि तोंडाची मशीन एकाची खालून चालते, एकाची वरून. म्हणजे ही दोन वेगळी घराणी आहेत, फार फार जुन्या काळी वेगळी झालेली, आणि दोघांचा धंदा मात्र तोच, मातीत राहून मुंग्या-वाळवी खायचा. "हा तर आमच्या कुंडीत असतो" वाल्यांनी इथे लक्ष द्या.

त्या टेक्सासवाल्याची अजून एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. तो मुंग्यांच्या वासाच्या माग काढत त्यांच्या वारुळात पोचतो, मुंग्या चावायला आल्या की शेपटीकडून एक चिकट घाण सोडून अंगाला फासतो, मुंग्या लांब. तिकडची एक छोट्या जातीची घुबडं या सापांना जिवंत उचलून घरट्यात नेतात. पिल्लांना खायला म्हणूनच नेत असणार, पण काही साप निसटतात आणि घरट्याच्या तळाच्या घाणीत शिरून तिथल्या किड्यांच्या अळ्या खात राहतात. अभ्यासकांनी मोजून बघितलं तर ज्या घरट्यात असा भाडेकरू होता तिथली घुबडाची पिल्लं जास्त जोमाने वाढत होती. घुबडाने साफसफाईला साप ठेवलाय!

असो. शोधाकडे येऊ. २००८ ला बातमी आली की अमेरिकन शास्त्रज्ञाने बार्बाडोसमध्ये जगातला सर्वात लहान साप शोधला, आणि बार्बाडोसचे लोक चिडले. म्हणे शोधला म्हणजे काय, आमच्या आज्या-पणज्यांपासून आम्ही बघतोय. दोघांचंही खरं आहे. शास्त्रात "शोध" म्हणजे पहिल्यांदा पाहणं नाही. एक नमुना घेऊन, त्याचे खवले मोजून, रंग, डीएनए सगळं नातेवाइकांशी ताडून, हा वेगळा आहे असं सिद्ध करून, छापून, नमुना म्युझियममध्ये ठेवणं म्हणजे शोध. गंमत म्हणजे लंडनच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियममध्ये आणि कॅलिफोर्नियातल्या एका म्युझियममध्ये याच सापाचे जुने नमुने बरणीत पडलेले होतेच, फक्त चिठ्ठीवर दुसऱ्याच जातीचं नाव होतं. म्हणजे बेटावरच्या लोकांनी बघितलेला, म्युझियममध्ये पण ठेवलेला, तरी "सापडलेला" नव्हता.

आपल्या वाळ्याचंही असंच झालंय बरं का. ईस्ट इंडिया कंपनीचे एक डॉक्टर होते पॅट्रिक रसेल, विशाखापट्टणमला असायचे, सापांचा नाद. त्यांनी १७९६ च्या पुस्तकात याचं चित्र आणि वर्णन दिलं आणि तेलुगू लोक जे नाव घेत तेच लिहून ठेवलं, "रोंडू तालूलू पाम", म्हणजे दोन डोक्यांचा साप. कारण उघड आहे, शेपूट कुठलं आणि डोकं कुठलं पटकन कळत नाही. त्या वर्णनावरून १८०३ मध्ये दोदँ या फ्रेंच माणसाने शास्त्रीय नाव दिलं, जो बहुधा कधी भारतात मोरीत उभा राहिला नसावा.

आता वीस (म्हणजे जवळपास वीस) वर्षांनी सापडला याचा अर्थ. २००८ च्या त्या गाजावाजानंतर दोरासाप कोणाला खात्रीने दिसलाच नाही. मुळातच १८८९ पासून धरलं तरी खात्रीच्या नोंदी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. री:वाइल्ड नावाची एक संस्था आहे, तिने जगभरातल्या "विज्ञानाला हरवलेल्या" झाडा-प्राण्यांची मोठी यादी केलीय, ४,८०० च्या आसपास नावं, त्यात हाही गेला. हरवलेला म्हणजे संपला असं नाही, बराच काळ कोणी पुराव्यासकट पाहिला नाही एवढंच.

बार्बाडोसच्या पर्यावरण मंत्रालयातले कॉनर ब्लेड्स हे एक वर्षाहून जास्त काळ दगड उलटत फिरत होते. हे काम ऐकायला सोपं वाटतं. दगड उचला, बघा, काही नाही, दगड परत होता तसा ठेवा (हे महत्त्वाचं, नाहीतर खालचा ओलावा जातो आणि जे राहतात त्यांचं घर उन्हात पडतं), पुढचा दगड. वर्षभर. मार्च २०२५ मध्ये ते आणि री:वाइल्डचे जस्टिन स्प्रिंगर बेटाच्या मध्य भागात अशीच पाहणी करत होते. झाडाच्या मुळाखाली अडकलेला एक दगड ओढताना स्प्रिंगर मस्करीत म्हणाले की मला दोरासापाचा वास येतोय, आणि दगडाखाली खरोखर तो.

पण म्हणून लगेच उड्या मारता येत नाहीत, कारण बार्बाडोसच्या मातीत आता आपला वाळा पण आहे! हो, तोच, कुंडीतला. डोळ्यांनी जागेवर फरक सांगणं अवघड, म्हणून त्यांनी तो साप वेस्ट इंडीज युनिव्हर्सिटीत नेला आणि मायक्रोस्कोपखाली धरला, म्हणजे धरायचा प्रयत्न केला, कारण अर्धा ग्रॅमचा जिवंत दोरा काचेखाली स्थिर बसत नाही. पाठीवरून जाणाऱ्या फिकट पिवळ्या रेघा दिसल्या, डोळे डोक्याच्या बाजूला दिसले, नाकावरचा खवला जुळला. दोरासापच. वाळ्याला अशा रेघा नसतात. आणि अंगाभोवती खवल्यांच्या ओळी मोजल्या तर वाळ्याला वीस भरतात, दोरासापांच्या कुळात चौदा. मग तो साप परत जंगलात नेऊन सोडला, आणि जुलैमध्ये बातमी जगभर गेली आणि आमच्या फॅमिली ग्रुपवर आली.

आता वाळा तिथे पोचला कसा? तर कुंडीतून. अक्षरशः. इंग्रजीत त्याला फ्लॉवरपॉट स्नेक म्हणतातच. शोभेची झाडं, उसाची बेणं, रोपांच्या मुळाशी बांधलेली माती, जिथे जिथे जहाजाने गेली तिथे हा मुळांत बसून गेला. मूळचा आपल्या दक्षिण आशियाकडचा, आज हवाई, फ्लोरिडा, मेक्सिको, मादागास्कर, ऑस्ट्रेलिया, कुठे नाही विचारा. जमिनीवरच्या सापांमध्ये जगभर एवढा पसरलेला दुसरा साप नाही.

एवढं कसं जमलं याचं उत्तर एका ओळीत आहे. वाळ्यात नर नसतो.

चेष्टा नाही. सगळ्या माद्या. यांच्या पेशीत गुणसूत्रांचे नेहमीचे दोन संच नसून तीन असतात, आणि अंडी नराशिवायच फळतात, एका वेळी दोन-चार-सहा, सगळी लेकरं आईची नक्कल. सगळे सापच काय, पाल-सरडे सोडले तर मोठ्या प्राण्यांत असं कायमचं नरमुक्त घराणं सापडणं दुर्मिळ आहे. याचा परिणाम बघा. एक कुंडी, तिच्यात एकच वाळा, जहाजातून परक्या बंदरात उतरली. दुसऱ्या कुठल्याही सापाची गोष्ट इथे संपली असती, एकटा काय करणार. वाळ्याची इथून सुरू होते.

आणि दोरासाप? त्याला लागतो जोडीदार. जवळपास आंधळा, दहा सेंटिमीटरचा, मातीखाली फिरणारा नर, आणि तशीच मादी, यांची गाठ पडायची. ब्लेड्स यांनाही हीच काळजी वाटत होती, की साप जर मुळातच विरळ असतील तर एकमेकांना शोधणार कसे. भेटले तर अंडं एक. हा सगळा संसार चालायचा कुठे, तर जे काही जंगल उरलंय त्यात. आणि जंगल उरलंय किती हे जरा सांगतो. इंग्रज १६२७ मध्ये तिथे वस्तीला आले, मग ऊस आला. त्या उसासाठी आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या माणसांकडून काही दशकांतच बहुतेक सगळं बेट तोडून साफ करून घेतलं गेलं. मूळ जंगलाचा ९८ टक्के भाग गेला असं सांगतात. टर्नर्स हॉल वुड्स नावाचा वीसेक हेक्टरचा तुकडा हा तिथला अभिमानाने दाखवायचा जुना जंगल-अवशेष आहे, वीस हेक्टर, म्हणजे आपल्याकडे एखाद्या बऱ्यापैकी बागायतदाराची जमीन. बाकी जे आहे ते चुनखडकाच्या घळींमध्ये, जिथे नांगर पोचला नाही. त्यामुळे या सापाची नोंद "अतिधोक्यात" या वर्गात आहे.

उसाने अजून एक गोष्ट आणली, तीसुद्धा आपल्याकडून. उसातले उंदीर मारायला १८७२ मध्ये कोलकात्याहून नऊ छोटी मुंगसं जमैकाला नेली, ती वाढली, मग शेजारच्या बेटांनी पण मागवली, बार्बाडोसमध्येही आली. उंदीर राहिले ते राहिलेच, पण तिथला बार्बाडोस रेसर नावाचा एक साप आता नामशेष धरतात आणि त्यात मुंगसाचा हात असल्याचं मानलं जातं. दोरासाप वाचला तो बहुधा मुंगसाच्या हिशोबात तो साप म्हणून बसतच नसावा, शेंगदाण्याएवढ्या घासासाठी कोण माती उकरणार.

वाळा आणि दोरासाप तिथे एकमेकांच्या ताटात जेवतात का हा मात्र खरा चिंतेचा विषय आहे. राहायची जागा तीच, दगडाखालची ओली माती, खाणं तेच, मुंग्या-वाळवीची पोरं. एक जण नराशिवाय सहा-सहा अंडी घालणारी, दुसऱ्याचं एकच. शिवाय वाळ्यामुळे शोधणाऱ्यांची वेगळी डोकेदुखी, कारण बेटावर कोणी "मला दोरासाप दिसला" असा फोटो पाठवला तर तो वाळा निघायची शक्यता भरपूर. सगळीकडे सापडणारा बघून लोकांना वाटतं दुर्मिळवाला पण भरपूर आहे. आमच्या फॅमिली ग्रुपवर जे झालं तेच, फक्त तिकडे त्याला किंमत आहे.

तर इकडे माझ्या मगमध्ये. मी थोडी ओली माती टाकली होती, ती तिच्यात अर्धी शिरून बसली होती. हो, ती, आता तरी तो म्हणायला नको. तळहातावर घेतली तर शेपटीचं टोक टोचायला लागलं, तिथे एक बारीक काटा असतो, मातीत रोवून पुढे ढकलायला, त्यालाच लोक "दोन्हीकडून चावतो" म्हणतात. चावायला तोंड माणसाच्या कातडीवर बसेल एवढं उघडतच नाही. विष नाही. मोबाईलचा कॅमेरा झूम केला तेव्हा एका टोकाला केसाएवढी दुभंगलेली जीभ लपलप करताना दिसली, गांडुळाला जीभ नसते, कड्या असतात आणि अंग ओलसर चिकट असतं, हिचं अंग कोरडं, पॉलिश केल्यासारखं. आजीला दाखवली तर तिने लांबूनच बघितली आणि विचारलं, "कानात नाही ना जात?" म्हटलं आजी, तुझ्या कानात वाळवीचं घर असेल तर जाईल.

आईने मिठाचा डबा एकदाचा जागेवर ठेवला. मी मागच्या दाराची मोठी तुळशीबाजूची कुंडी, जिच्यात मुंग्या झाल्यात म्हणून ती महिनाभर कुरकुरत होती, तिच्यात मग उपडा केला. ओल्या मातीवर पडल्या पडल्या डोकं खाली, काटा रोवला, दोन वळसे, आणि गायब, तीन सेकंदसुद्धा नाही.

"गेला का?" आईने आतून विचारलं.

"गेली," म्हटलं.